मरणाऱ्या ताऱ्यांचे बारसे

२१ जानेवारी २०१४ ची संध्याकाळ. लंडन शहराच्या उत्तरेस मिल हिल येथे विद्यापीठाची एक लहानशी वेधशाळा आहे. तेथे डॉ. स्टीव्ह फॉसी हे चार विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक घेण्याच्या तयारीत होते. परंतु लंडनच्या आकाशाचा स्वभाव ज्यांस ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको की, ढगांनी त्या दिवशीही आपला हक्क सोडला नाही. नेमलेला पाठ बाजूला राहिला. आकाश पुरते झाकले जाण्यापूर्वी कॅमेरा कसा वापरावयाचा एवढे तरी मुलांस दाखवावे, म्हणून फॉसी यांनी पस्तीस सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण सप्तर्षींतील 'एम ८२' या दीर्घिकेकडे वळविली. पडद्यावर चित्र उमटले आणि त्यांची नजर एका ठिपक्यावर अडली. पूर्वी पाहिलेल्या चित्रात हा तारा असल्याचे त्यांस आठवेना. जुनी छायाचित्रे ताडून झाली. कॅमेऱ्याचाच दोष नसेल ना, या शंकेने शेजारच्या दुसऱ्या दुर्बिणीतून पुन्हा छायाचित्र घेऊन झाले. ठिपका जागच्या जागी होता. सुमारे एक कोटी वीस लक्ष प्रकाशवर्षे अंतरावरील त्या तारकाविश्वात एका ताऱ्याचा स्फोट झाला होता, आणि तो प्रथम ओळखण्याचा मान ढगांनी उधळलेल्या एका तासिकेस मिळाला!

शोध लागला, पण काय सापडले हे अजून कळले नव्हते. छायाचित्र एवढेच सांगते की, काल जेथे काही नव्हते तेथे आज उजेड आहे. तो उजेड कशाचा, कोणत्या प्रकारच्या ताऱ्याचा, तारा कसा मेला, हे छायाचित्रातून कळत नाही. ते सांगितले दुसऱ्या दिवशी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील साडेतीन मीटर व्यासाच्या दुर्बिणीने. तिने त्या ठिपक्याचा प्रकाश फोडून त्याचा वर्णपट घेतला. त्यात हायड्रोजनची खूण नव्हती, सिलिकॉनची खूण मात्र ठसठशीत होती. निदान झाले : प्रकार १-ए. त्या वर्षातील दहावा म्हणून त्याचे नाव पडले 'एसएन २०१४ जे'.

येथे शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण भाषांतराचे काम करणाऱ्यास शब्द सहसा स्वस्थ बसू देत नाहीत. 'नोव्हा' म्हणजे लॅटिन भाषेत नवी. आकाशात एकाएकी उगवणाऱ्या ताऱ्यास युरोपातील विद्वानांनी हे नाव दिले, आणि त्यांतील अतिशय तेजस्वी असतील त्यांस पुढे 'सुपरनोव्हा' म्हणण्याचा प्रघात पडला. मराठीत आपण 'अतिदीप्त नवतारा' म्हणतो. शब्द भारदस्त आहे. परंतु त्यात 'नव' आहे आणि घटना तर मरणाची आहे. ज्यास आपण जन्म समजून नाव दिले ती वस्तुतः चिता होय. आता शब्द रूढ झालेला असल्याने तक्रार करून उपयोग नाही, तथापि वाचकांनी ही विसंगती मनात ठेवावी.

अशा चिता मानवाने फार प्राचीन काळापासून पाहिल्या आहेत. इ. स. १०५४ च्या जुलै महिन्यात वृषभ राशीत प्रकटलेला तारा चीनच्या दरबारी ज्योतिष्यांस तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता. त्याची विखुरलेली राख आज खेकड्याच्या आकाराच्या अभ्रिकेच्या रूपाने दुर्बिणीत दिसते. १५७२ साली शर्मिष्ठेत टायको ब्राहे याने आणि १६०४ साली भुजंगधारीत केप्लरने असे तारे पाहून त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्यानंतर आपल्या आकाशगंगेतील अशी घटना नुसत्या डोळ्यांनी निश्चितपणे पाहिल्याची नोंद नाही. दुर्बीण खगोलशास्त्राच्या हाती आली ती १६०९ साली. अवघ्या पाच वर्षांची चुकामूक!

परक्या तारकाविश्वांत मात्र हे स्फोट अखंड चालू असतात. १८८५ साली देवयानीतील प्रसिद्ध तेजोमेघात एक नवा तारा दिसला. तेव्हा तो तेजोमेघ आपल्याच आकाशगंगेतील आहे असा अनेकांचा समज होता, म्हणून त्या ताऱ्याचे कोणास विशेष वाटले नाही. पुढे १९२४ साली हबलने तो मेघ म्हणजे आकाशगंगेच्या बाहेरील स्वतंत्र तारकाविश्व असल्याचे सिद्ध केले, आणि एवढ्या दुरून दिसलेला तो तारा किती तेजस्वी असला पाहिजे याचा हिशेब करणाऱ्यांस घाम फुटला. १९३४ साली वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी या दोघांनी या घटनांची वेगळी जात मानून असे प्रतिपादन केले की, या स्फोटांत सामान्य ताऱ्याचे न्यूट्रॉन ताऱ्यात रूपांतर होत असावे. न्यूट्रॉन या कणाचा शोध लागून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. झ्विकी हा विलक्षण बुद्धीचा आणि तितक्याच विलक्षण जिभेचा गृहस्थ. सहकाऱ्यांशी त्याचे क्वचितच पटे. परंतु १९३६ साली पालोमार पर्वतावर बसविलेल्या अठरा इंची दुर्बिणीने तो रात्रीमागून रात्री दीर्घिकांची छायाचित्रे घेत राहिला, आणि हयातीत त्याने शंभराहून अधिक अतिदीप्त नवतारे शोधून काढले. शोधण्याचे शास्त्र त्याने घालून दिले. ओळखण्याचे शास्त्र दुसऱ्या एकाच्या वाट्यास आले.

त्याचे नाव रुडॉल्फ मिंकोव्स्की. घराणे विद्वानांचे : चुलते हर्मान हे आइन्स्टाइनचे गणिताचे गुरू, आणि वडील ऑस्कर यांनी १८८९ साली सहकाऱ्याच्या साहाय्याने कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेहाचे मूळ दाखवून दिले. यहुदी वंशाचे असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत रुडॉल्फ यांस हांबुर्ग सोडावे लागले, आणि १९३५ साली बाडे यांच्या मदतीने ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत आले. ऑगस्ट १९३७ मध्ये झ्विकीस शामशबल या तारकासमूहातील एका फिकट दीर्घिकेत एक अतिशय तेजस्वी अतिदीप्त नवतारा सापडला. संपूर्ण दीर्घिकेच्या सुमारे शंभर पट त्याचा एकट्याचा उजेड होता. बाडे यांनी त्याचे तेज मोजावयाचे आणि मिंकोव्स्की यांनी त्याचा वर्णपट घ्यावयाचा अशी वाटणी झाली. तारा मंदावत गेला तरी मिंकोव्स्की जवळजवळ वर्षभर त्याच्या मागे राहिले.

वर्णपट म्हणजे काय, हे शाळेत काचेचा लोलक उन्हात धरून पाहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. प्रकाश रंगांत फुटतो. खगोलशास्त्रज्ञ लोलकाऐवजी सूक्ष्म रेघा ओढलेली काच वापरतात आणि त्यापूर्वी प्रकाश एका अरुंद फटीतून नेतात, एवढाच फरक. प्रत्येक मूलद्रव्य या रंगीत पट्ट्यावर आपापल्या ठरलेल्या जागी रेषा उमटविते. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा त्याप्रमाणे रेषांवरून द्रव्य ओळखता येते, हे किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८५९ च्या सुमारास सिद्ध केले. या विद्येचा एक धागा आपल्या देशातूनही गेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूर व इतर ठिकाणच्या निरीक्षकांस सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम सापडावयास १८९५ साल उजाडावे लागले. (आपल्याकडे असे ऐकिवात येते की, लॉकियर यांस हेलियम विजयदुर्गच्या किल्ल्यावरून दिसला. लॉकियर विजयदुर्गास आले ही गोष्ट खरी, परंतु ती १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी. १८६८ साली ते इंग्लंडातच होते. किल्ल्याचे वैभव या दुरुस्तीने कमी होत नाही.)

तर अशा या प्रस्थापित विद्येचे हत्यार घेऊन मिंकोव्स्की त्या ताऱ्यापुढे बसले, आणि त्यांस एक अक्षरही वाचता येईना!

नेहमीच्या ताऱ्याच्या वर्णपटात केसासारख्या बारीक, काटेकोर रेषा असतात. येथे रेषा नव्हत्याच. रुंद, गोलसर टेकड्या आणि त्यांच्यामधील दऱ्या, असे काहीसे ते चित्र होते. टेकड्यांच्या जागा कोणत्याच द्रव्याशी जुळत नव्हत्या. एखाद्या ग्रंथाचे पान पावसात भिजून शाई इतकी पसरावी की, अक्षर संपते कोठे आणि दुसरे सुरू होते कोठे हेच कळू नये, तशी अवस्था होती. मिंकोव्स्की यांनी जे केले ते मला त्यांच्या साऱ्या कामगिरीत मोठे वाटते. वाचता येत नाही हे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले, ओढूनताणून अर्थ लावला नाही, आणि न वाचता येणाऱ्या त्या पानांची निदान जुळणी तरी करण्यास ते लागले. १९४० साली एका नव्या ताऱ्याचा वर्णपट अगदी निराळा निघाला. त्यात हायड्रोजन स्पष्ट ओळखू येत होता. १९४१ साली त्यांनी चौदा ताऱ्यांच्या वर्णपटांवरून एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. नऊ ताऱ्यांचे वर्णपट हुबेहूब एकमेकांसारखे आणि त्यांत हायड्रोजन नाही : हा प्रकार पहिला. पाचांत हायड्रोजन आहे : हा प्रकार दुसरा. अर्थ न कळताही घातलेली ही विभागणी आज इतक्या वर्षांनंतर पायाभूत म्हणून कायम आहे.

दुसऱ्या प्रकाराची भाषा कळली होती. पहिल्याची कोडे बनून राहिली, ती एक-दोन नव्हे, तीस वर्षे. हे कोडे १९६८ च्या सुमारास मॉस्कोच्या यूरी प्स्कोव्स्की यांनी सोडविले. सारे विद्वान टेकड्या वाचीत होते. प्रकाश जेथे जास्त तेथेच द्रव्याची खूण असणार अशी त्यांची धारणा. प्स्कोव्स्की यांनी दऱ्यांकडे पाहिले. स्फोट पावलेला तारा म्हणजे सर्व दिशांनी फुगत जाणारा वायूचा गोळा. त्याच्या आतील भागातून निघालेला प्रकाश आपल्याकडे येताना पुढल्या वायूतून येतो आणि तो वायू आपल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश शोषून घेतो. परंतु हा पुढला वायू प्रचंड वेगाने आपल्याच दिशेने धावत असतो. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी जशी अधिक चढ्या सुरात ऐकू येते, तशी ती शोषणाची खूण आपली जागा सोडून निळ्या बाजूस सरकते. आणि वायूच्या निरनिराळ्या थरांचे वेग निरनिराळे असल्याने पसरून दरी बनते. कुलूप उघडले ते या दऱ्यांच्या किल्लीने.

यातील गणित इतके सोपे आहे की, वाचकांनी ते स्वतः करून पाहावे. पहिल्या प्रकारातील सर्वांत ठळक दरी तांबड्या भागात ६१५० अँगस्ट्रॉमच्या आसपास असते. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) तेथे कोणत्याही योग्य द्रव्याची रेषा नाही; परंतु सिलिकॉनची रेषा ६३५५ वर आहे. दोहोंतील अंतर २०५, म्हणजे मूळ तरंगलांबीचा साधारण एकतिसावा भाग. तेव्हा वायूचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या एकतिसाव्या भागाइतका, म्हणजे सेकंदास सुमारे ९,७०० किलोमीटर. या वेगाने मुंबईहून निघालेले काही एक सेकंद पुरा होण्याच्या आत लंडन ओलांडून पुढे जाईल. एका दरीने द्रव्यही सांगितले आणि वेगही सांगितला.

पुढे १९८० नंतरच्या दशकात पहिल्या प्रकाराच्या घरातही वाटण्या झाल्या. १९८३ साली ऑस्ट्रेलियातील रेव्हरंड रॉबर्ट इव्हान्स यांनी 'एम ८३' या दीर्घिकेत एक अतिदीप्त नवतारा शोधला. हे गृहस्थ व्यवसायाने धर्मोपदेशक. शेकडो दीर्घिकांची रूपे त्यांस मुखोद्गत होती आणि नुसत्या नेत्रांनी दुर्बिणीतून पाहून त्यांनी असे चाळीसहून अधिक तारे हुडकले. या ताऱ्यात हायड्रोजन नव्हता, म्हणजे प्रकार पहिला. पण सिलिकॉनची दरीही नव्हती. होता तो हेलियम, तोच १८६८ सालचा पिवळ्या रेषेचा धनी. अशांस १-बी म्हणू लागले. ज्यांत हेलियमही नाही ते १-सी. आणि सिलिकॉनची दरी असलेले जुने घरंदाज ते १-ए.

ही नावांची आरास केवळ हौसेपोटी नाही. या अक्षरांच्या आड मरणाच्या दोन अगदी भिन्न तऱ्हा दडलेल्या आहेत. १-ए हा मृत्यू श्वेत लघुताऱ्याचा. पृथ्वीएवढा आकार आणि सूर्याएवढे वस्तुमान असलेला हा कार्बन व ऑक्सिजन यांचा निखारा, शेजारच्या जोडीदार ताऱ्यामुळे पेट घेतो आणि समूळ उधळला जातो. अशा निखाऱ्याचे वजन सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे जाऊ शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखविले. १९३० साली मुंबईच्या बंदरातून बोटीने इंग्लंडला शिकावयास निघालेल्या या एकोणीस वर्षांच्या तरुणाने त्या गणितास प्रवासातच हात घातला होता. या स्फोटात सूर्याच्या निम्म्याहून अधिक वजनाचे किरणोत्सर्गी निकेल निर्माण होते. ते विघटन पावून कोबाल्ट आणि कोबाल्टाचे शेवटी लोखंड बनते. तारा महिनोन्‌महिने प्रकाशतो तो या विघटनाच्या ऊर्जेवर. 'एसएन २०१४ जे' मधून येणारे कोबाल्टाचे गामा किरण युरोपच्या 'इंटिग्रल' उपग्रहाने टिपले, तेव्हा या सिद्धांतास प्रत्यक्ष पुरावा मिळाला. तव्याच्या लोखंडाचा पुष्कळसा भाग कधी काळी अशाच चितांतून आलेला आहे.

दुसरा प्रकार आणि १-बी, १-सी हे मृत्यू मात्र सूर्याच्या आठ पटींहून जड ताऱ्यांचे. इंधन संपते, गाभा क्षणार्धात ढासळतो आणि बाहेरचे थर उडून जातात. तो तारा मरतेवेळी हायड्रोजनचे पांघरूण राखून असेल तर प्रकार दुसरा. पांघरूण आधीच गमावले असेल तर आतील हेलियम उघडा पडतो आणि तो १-बी होतो. १९९३ साली 'एम ८१' दीर्घिकेत एका ताऱ्याने आरंभी हायड्रोजन दाखविला आणि काही आठवड्यांत हेलियम. डोळ्यांदेखत त्याची जात बदलली! पांघरूण फारच विरळ राहिले होते. १९८७ च्या फेब्रुवारीत मोठ्या मॅगेलनी मेघात, सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांस दिसणारा अतिदीप्त नवतारा प्रकटला तो दुसऱ्या प्रकारचा. गाभा ढासळल्याची वर्दी प्रकाशाच्या काही तास आधीच जपानमधील कामिओका येथील यंत्रात ११ न्यूट्रिनो कणांनी दिली होती.

आता यात पणास काय लागले आहे ते पाहावे. १-ए प्रकारच्या ताऱ्यांचे खरे तेज बरेचसे ठरावीक असते आणि जे थोडे कमीअधिक असते त्याची दुरुस्ती करता येते. म्हणून ते विश्वातील अंतर मोजण्याचे दिवे ठरले. दिवा किती मंद दिसतो त्यावरून तो किती दूर ते काढावयाचे. १९९८ साली दोन स्वतंत्र पथकांस असे आढळले की, अतिदूरचे हे दिवे अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, म्हणजेच अधिक दूर आहेत; विश्वाचे प्रसरण मंदावत नसून त्याचा वेग वाढत आहे. पर्लमटर, श्मिट आणि रीस या तिघांस यासाठी २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु समजा, या दिव्यांत एखादा १-सी घुसला असता तर? १-सी बहुधा मुळातच मंद. त्यास १-ए समजले की त्याचे अंतर खोटेच मोठे निघणार, आणि सिद्ध करावयाची गोष्ट चुकीच्या मार्गाने सिद्ध झाल्याचा भास होणार. चूक आणि शोध यांचे तोंड एकाच दिशेस! म्हणूनच त्या दूरच्या क्षीण ठिपक्यांचे वर्णपट घेण्यासाठी हवाई बेटातील दहा मीटर व्यासाच्या केक दुर्बिणींसारखी जगातील सर्वांत मोठी साधने कामास लावावी लागली.

आपल्याकडे हे काम लडाखमधील हान्ले येथे चालते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे; हे 'चंद्र' आकाशातील नव्हे, चंद्रशेखर यांचे. निरीक्षक मात्र त्या विरळ हवेत आणि थंडीत कुडकुडत बसत नाही. तो बंगळूरजवळ होसकोटे येथे बसून उपग्रहामार्फत दुर्बीण फिरवितो. 'एसएन २०१४ जे' चे वर्णपटही येथे घेतले गेले. पुण्याच्या 'आयुका' संस्थेची दोन मीटरची दुर्बीण जुन्नरच्या परिसरात गिरवली येथे २००६ साली सुरू झाली, आणि हान्ले येथेच मुंबईच्या आय.आय.टी.च्या सहभागाने २०१८ पासून सत्तर सेंटिमीटरची एक स्वयंचलित दुर्बीण अशा पाहुण्यांच्या मागावर असते. एका वर्णपटासाठी कराव्या लागणाऱ्या गोष्टी ऐकावयास नीरस आहेत. तारा बरोबर फटीवर धरावयाचा, ज्याच्या रेषा माहीत आहेत अशा दिव्याचा वर्णपट तुलनेसाठी घ्यावयाचा, आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करावयाचा, दीर्घिकेच्या गतीमुळे झालेली सरक काढून टाकावयाची. यांतील एक पायरी चुकली तर सिलिकॉनची दरी भलत्याच जागी जाते.

२०१६ पासून नाव देण्याची पद्धतही मोठी मार्मिक झाली आहे. नवा ठिपका सापडला की त्यास 'एटी' ही तात्पुरती अक्षरे, वर्ष आणि क्रमाक्षरे मिळतात. 'एटी' म्हणजे काही क्षणभंगुर असे आकाशात दिसले, इतकेच. वर्णपट घेऊन प्रकार निश्चित झाला तरच 'एटी' जाऊन 'एसएन' येते. मे २०२३ मध्ये जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी 'एम १०१' मध्ये शोधलेला तारा अशा रीतीने 'एसएन २०२३ आयएक्सएफ' झाला. तो दुसऱ्या प्रकारचा निघाला. तो तेजस्वी होता, जवळ होता, त्याचे बारसे लगेच झाले. अलीकडे सापडणाऱ्या सुमारे दहापैकी एकाच ठिपक्याच्या नशिबी हे बारसे असते. उरलेले 'एटी' म्हणूनच उजळतात आणि 'एटी' म्हणूनच विझतात, कारण शोधणारे कॅमेरे एका रात्रीत आकाशाचा मोठा भाग पालथा घालतात, पण वर्णपट एकेका ठिपक्याचाच घ्यावा लागतो.

झ्विकी जेथे राबला त्याच पालोमार पर्वतावरील एका योजनेने २०२४ च्या अखेरीपर्यंत दहा हजारांहून अधिक अतिदीप्त नवताऱ्यांचे वर्णपटांवरून वर्गीकरण केले. मिंकोव्स्की यांच्यापाशी चौदा होते. आणि चिलीमधील पर्वतावरील व्हेरा रूबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाली आहेत. दहा वर्षांत तिला असे लक्षावधी ठिपके सापडतील असा अंदाज आहे. त्या सर्वांचे वर्णपट घेण्याइतक्या दुर्बिणी जगात नाहीत. तेव्हा केवळ तेजाच्या चढउतारावरून प्रकार ओळखण्याचे काम गणकयंत्रांवर सोपविले जात आहे. ती यंत्रे शिकतात ती वर्णपट घेतलेल्या थोड्या ताऱ्यांवरून, आणि ती चुकतात की बरोबर येतात हे पाहण्यासाठीही पुन्हा कोणास तरी, ढग येण्यापूर्वी, एका ठिपक्याचा प्रकाश फटीवर धरावा लागतो.